पाच डॉलरचा कॉम्प्युटर नक्की केवढ्याला पडतो? स्वस्त बोर्ड घेण्याआधीचा आणि घेतल्यानंतरचा हिशोब

आत्तापर्यंत मी स्वतःच्या पैशाने सात स्वस्त बोर्ड, म्हणजे एकाच छोट्या सर्किट बोर्डावर बसवलेले कॉम्प्युटर, घेतलेत. त्यातले दोन रोज काम करतात, पाच ड्रॉवरमध्ये अँटिस्टॅटिक पिशवीत झोपलेत. ते पाच घेताना दर वेळी डोक्यात एकच, अरे एवढ्याशा पैशात कॉम्प्युटर मिळतोय, घेऊन टाकू, काय करायचं ते नंतर बघू. ते ‘नंतर’ अजून उजाडलेलं नाही. कुणी विचारलं की सगळ्यात स्वस्त बोर्ड कुठला, तर मी अर्धा तास जे बोलतो ते आता एकदाच लिहून ठेवतोय.

वेबसाइटवर लिहिलेला आकडा म्हणजे बोर्डाची किंमत नाही. पहिल्यांदा लॉगिन होईपर्यंत खिशातून जेवढे गेले ती खरी किंमत, आणि त्यात वाया गेलेल्या संध्याकाळी पण धरायच्या.

आधी काम लिहा, एका ओळीत

कागद घ्या आणि एक ओळ लिहा. कुंडीतल्या मातीचा ओलावा मोजून पंप चालू करायचा. किंवा, घरातल्या सगळ्या डिव्हाइसवरच्या जाहिराती अडवायच्या. किंवा, खिडकीत पक्षी आला की फोटो काढायचा. ओळ सुचतच नसेल तर टॅब बंद करा, तुम्हाला बोर्ड नकोय, तुम्हाला खरेदीची हुक्की आलीये.

ही ओळ महत्त्वाची कारण पहिला फाटा इथेच फुटतो. कुंडीवाल्या कामाला कॉम्प्युटर लागतच नाही. सेन्सर वाचा, रिले (विजेने चालणारा स्विच) टाका, एलईडीची पट्टी नाचवा, या सगळ्याला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकच प्रोग्रॅम चालवणारी छोटी चिप, पुरून उरतो. रास्पबेरी पाय या स्वस्त छोट्या कॉम्प्युटरसाठी प्रसिद्ध कंपनीचा पिको हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड जानेवारी २०२१ मध्ये ४ डॉलरला आला आणि नावात ‘पाय’ असल्यामुळे बरेच जण त्याला लिनक्स (विंडोजसारखी, पण फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) चालवणारा छोटा कॉम्प्युटर समजून घेतात आणि मग एसडी कार्ड कुठे घालायचं ते उलटसुलट करून शोधत बसतात. कार्डाची जागाच नाहीये त्याला. रॅम २६४ केबी, हो, केबी. तुम्ही लिहिलेला एक प्रोग्रॅम, वीज आली की सुरू, वीज गेली की बंद, बस. पण त्याची मजा पण तीच आहे, शटडाउनची भानगड नाही, मध्येच प्लग उपटला तरी फाइल सिस्टिम खराब व्हायची धाकधूक नाही. वायफाय हवं असेल तर पिको डब्ल्यू आहे, २०२२ मध्ये ६ डॉलरला आला, नाहीतर ईएसपी३२ या वायफायवाल्या मायक्रोकंट्रोलरचा कुठलाही साधा बोर्ड घ्या. आणि काम बॅटरीवर चालवायचं असेल तर लिनक्स बोर्डाचा विचारच सोडा. ईएसपी३२ची चिप झोपली की मायक्रोअँपियरवर येते, लिनक्सचा लहान बोर्ड सुद्धा काही न करता नुसता बसून त्याच्या कित्येक पट वीज खातो.

लिनक्स कधी लागतं? नेटवर्कवर एखादी सर्व्हिस सतत चालवायची असेल, कॅमेरा असेल, भरपूर फाइल ठेवायच्या असतील, यूएसबीची तऱ्हेतऱ्हेची डिव्हाइस लावायची असतील, पायथनच्या मोठ्या लायब्ररी लागत असतील. तुमची ओळ यात बसत असेल तरच पुढे वाचा, नाहीतर मायक्रोकंट्रोलर घ्या आणि मोकळे व्हा.

मग रॅम बघा, प्रोसेसर नंतर

नवीन माणूस आधी गिगाहर्ट्झ बघतो. स्वस्त बोर्डावर कंबर मोडते ती रॅमपायी.

अगदी तळाला ६४ एमबीवाले बोर्ड आहेत. मिल्क-व्ही ड्युओ किंवा लकफॉक्स पिको, दोन्हींचा साधा मॉडेल ६४ एमबीचा. आकार पिकोएवढाच पण आत खरंखुरं लिनक्स. ऐकायला भारी वाटतं आणि भारी आहेच, पण हे लिनक्स म्हणजे गाळून गाळून आणलेलं छोटं लिनक्स, त्यावर नेहमीसारखं पॅकेज इन्स्टॉल करत सुटलात तर दुसऱ्या मिनिटाला मेमरी संपते. एम्बेडेड लिनक्स (छोट्या उपकरणांत बसवलेलं लिनक्स) शिकायचं असेल, स्वतः कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बनवून बघायचं असेल तर यापेक्षा स्वस्त शाळा नाही. जाहिराती अडवायला मात्र हा घेऊ नका.

त्याच्या वर ५१२ एमबी, म्हणजे रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यूची पायरी. डेस्कटॉप लावला नाही आणि ब्राउझर उघडला नाही तर ५१२ एमबीमध्ये आश्चर्य वाटेल एवढं काम होतं. पाय-होल (घरभरच्या जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर) आरामात चालतं, छोटा वेब सर्व्हर चालतो, कॅमेऱ्याचं काम चालतं. ब्राउझर उघडलात की मग चहा करून या, आणि परत आल्यावर सुद्धा पान उघडलेलं असेलच असं नाही.

१ जीबी किंवा त्याच्या वर गेलात की पर्याय वाढतात, ऑरेंज पाय झीरो ३ आहे, राडक्सा झीरो ३ आहे, पण इथून किंमत हळूहळू अशा ठिकाणी पोचते की जुना मिनी पीसी डोळ्यासमोर यायला लागतो. त्याचं शेवटी बोलू.

जाहीर किंमत आणि हातात पडणारी किंमत

२६ नोव्हेंबर २०१५ ला रास्पबेरी पाय झीरो आला, किंमत ५ डॉलर. त्याच दिवशी मॅगपाय या रास्पबेरी पायच्या मासिकाच्या चाळिसाव्या अंकाच्या मुखपृष्ठावर हा बोर्ड चक्क फुकट चिकटवून दिला होता. कॉम्प्युटर, मासिकाबरोबर, फुकट! लोकांच्या डोक्यात ‘पाच डॉलरचा कॉम्प्युटर’ हा आकडा तेव्हापासून जो बसलाय तो निघत नाही. पण ५ डॉलरला झीरो हवा तेव्हा मिळणं ही गोष्ट कित्येक महिने दुर्मिळ होती. दुकानदाराला त्यात सुटत काय होतं? म्हणून एका माणसाला एकच, नाहीतर किटमध्येच, म्हणजे झीरो हवा असेल तर सोबत डबा, केबल, कार्ड, स्टिकर सगळं घ्या. आणि एकच बोर्ड मागवला तर पोस्टेज बोर्डापेक्षा जास्त. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

त्याच वर्षी क्राउडफंडिंगवर (लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन वस्तू बनवायची पद्धत) चिप नावाचा ९ डॉलरचा बोर्ड आला होता. ५१२ एमबी रॅम, ४ जीबी स्टोरेज बोर्डावरच, वायफाय, ब्लूटूथ, सगळं ९ डॉलरमध्ये. तेव्हाच्या मानाने झीरोपेक्षा खूप काही देत होता. २०१८ मध्ये ती कंपनी गुंडाळली गेली, आणि ज्यांच्याकडे बोर्ड होते त्यांना सुद्धा तो पुन्हा फ्लॅश करायच्या, म्हणजे त्यात सॉफ्टवेअर नव्याने भरायच्या, फाइल हौशी लोकांनी साठवलेल्या कॉपीतून शोधायची वेळ आली. म्हणून माझा नियम असा की क्राउडफंडिंगवरचा स्वस्त बोर्ड म्हणजे लॉटरीचं तिकीट, घ्या खुशाल, पण प्रोजेक्टची तारीख त्याच्या भरवशावर ठरवू नका.

मग २०२१ ते २०२३ चा तुटवडा. चिप मिळेनात, आणि जे बोर्ड बनत होते ते रास्पबेरी पाय कंपनीने आधी उद्योगवाल्यांना दिले, कारण त्यांच्या मशीनच या बोर्डावर चालत होत्या, हे कंपनीने उघडपणे सांगितलं होतं. हौशी लोक राहिले रांगेच्या शेवटी. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांचा मोठा बोर्ड ‘पाय ४’, २ जीबीचा, ३५ वरून ४५ डॉलरवर गेला, आणि हा आकडा फक्त कागदावरचा, पुनर्विक्री करणारे त्याच्या दुप्पट-तिप्पट मागत होते. कुठल्या दुकानात स्टॉक आलाय हे सांगणारे ट्रॅकर तेव्हाच फेमस झाले, लोक अलर्ट लावून बसायचे आणि पाच मिनिटांत माल गायब.

आता तुटवडा तसा नाही पण मेमरी महागलीये. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी हवी असल्यामुळे सगळीकडे रॅमचे भाव चढले आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याच्या पुढचा ‘पाय ५’, १६ जीबीचा, १२० वरून १४५ डॉलरवर गेला. १ जीबीचा नवीन मॉडेल त्याच वेळी ४५ डॉलरला काढला. २०१२ चा पहिला मॉडेल बी ३५ डॉलरचा होता हे आठवून बघा. तुमच्यासाठी यातून निघणारी गोष्ट सरळ आहे, मोठी रॅम ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून घ्यायचे दिवस गेले, जेवढी लागते तेवढीच घ्या.

किंमत तपासायची माझी पद्धत अशी. आधी बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर जाऊन मूळ किंमत बघतो. मग त्याच पानावरून अधिकृत विक्रेत्यांच्या यादीत शिरतो. अधिकृत विक्रेत्याकडे टॅक्स धरून थोडा फरक चालतो, पण मोठ्या मार्केटप्लेसवर कुणी मूळ किमतीच्या दीडपट-दुप्पट लावलं असेल तर तो टंचाईचे पैसे खातोय, थांबा. आणि मार्केटप्लेसवर सगळ्यात खालची किंमत दिसली की तिच्यावर क्लिक करून बघा, शंभरातल्या नव्वद वेळा ती किंमत केसची नाहीतर हीटसिंकची असते, बोर्ड निवडला की आकडा टुणकन उडी मारतो.

पहिल्या लॉगिनपर्यंतची बेरीज

समजा झीरो २ डब्ल्यू घेताय, २०२१ मध्ये १५ डॉलरला आलेला. आता घरात काय काय आहे ते बघा. मायक्रो एसडी कार्ड, चांगल्या कंपनीचं. ५ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर, यासाठी अडीच अँपियरचा सांगतात. एचडीएमआय लावायचं तर नेहमीची केबल बसणार नाही, याचं सॉकेट मिनी आहे (पाय ४ चं मायक्रो, म्हणजे हे कन्व्हर्टर त्याला चालत नाही आणि त्याचं याला, मी दोन्ही घेऊन बसलोय). कीबोर्ड लावायला ओटीजी केबल (छोट्या यूएसबी सॉकेटला नेहमीचं यूएसबी जोडणारी), कीबोर्ड आणि माउस दोन्ही हवेत तर हब. आणि पिना, सेन्सर वगैरेंच्या तारा जोडायच्या त्या! साध्या मॉडेलला चाळीस नुसती भोकं असतात, पिना आपण सोल्डर करायच्या. सोल्डरिंग येत नसेल किंवा इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, नसेल तर हेडर, म्हणजे पिनांची पट्टी, लावून येणारा मॉडेल घ्या, जास्तीचे थोडे पैसे लागतात पण पहिलाच बोर्ड जाळण्यापेक्षा बरं.

हे सगळं नव्याने घेतलं तर बेरीज बोर्डाच्या दुप्पट-अडीचपट सहज होते. वाचवायचं कसं? स्क्रीन आणि कीबोर्डला पूर्ण फाटा द्या. रास्पबेरी पाय इमेजर या कार्डावर ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कार्ड लिहिण्याआधी वायफायचं नाव, पासवर्ड, यूजर आणि एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लॉगिन करायची सोय) सगळं भरून ठेवता येतं, मग कार्ड घातलं, वीज दिली की बोर्ड आपोआप वायफायवर येतो आणि तुम्ही लॅपटॉपवरून लॉगिन करता. एक गोष्ट लक्षात ठेवा, हा बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतो. राउटरवर फक्त ५ चालू असेल तर तुम्ही रात्रभर पासवर्ड बदलत बसाल.

सॉफ्टवेअर आधी, ऑर्डर नंतर

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. दोन बोर्ड शेजारी शेजारी, एकात दुप्पट रॅम, दुप्पट कोअर, किंमत कमी. घेतला. मग कळतं की कंपनीने जी इमेज, म्हणजे कार्डावर लिहायची तयार सिस्टिम, दिलीये ती दोन वर्षांपूर्वीची आहे, कर्नल त्याहून जुना, आणि वायफायचा ड्रायव्हर नवीन कर्नलवर चालत नाही. ऑलविनरच्या एच३ चिपचे स्वस्त बोर्ड जेव्हा आले तेव्हा कित्येक दिवस सगळं जुन्या ३.४ कर्नलवर अडकलं होतं, ते सुटलं ते हौशी लोकांनी वर्षानुवर्षं खपून सपोर्ट लिहिला म्हणून.

तर ऑर्डरच्या आधी तीन गोष्टी बघाच. कंपनीच्या डाउनलोड पानावर शेवटची इमेज कुठल्या तारखेची आहे. आर्मबियन (अशा बोर्डांसाठी बनवलेलं लिनक्स) त्याच्या यादीत बोर्ड आहे का, आणि असेल तर नीट सांभाळला जातोय की ‘कम्युनिटी’ म्हणून देवाच्या भरवशावर सोडलाय. आणि तिसरं, तुमची ती एक ओळ आणि बोर्डाचं नाव एकत्र सर्च करा. कुणीतरी तेच काम त्याच बोर्डावर केलेलं सापडलं तर तुमच्या चार संध्याकाळी वाचल्या. एकही माणूस सापडला नाही तर पहिले तुम्ही, शुभेच्छा.

जुना झीरो किंवा झीरो डब्ल्यू कुणी स्वस्तात देत असेल तर एक गोम आहे. त्यातला प्रोसेसर आर्मव्ही६ या जुन्या जातीचा. रास्पबेरी पाय ओएस त्यावर चालतं, पण बाहेरच्या बऱ्याच सॉफ्टवेअरने त्या जातीला निरोप दिलाय, उदाहरणार्थ नोड जेएस (जावास्क्रिप्टचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर), आवृत्ती १२ पासून त्यासाठी अधिकृत तयार फाइल येत नाही. झीरो डब्ल्यू मूळचा १० डॉलरचा आणि झीरो २ डब्ल्यू १५ चा, त्या पाच डॉलरसाठी हे दुखणं घेऊ नका.

बोर्ड हातात आला की लगेच

रिटर्नची मुदत असते तेव्हाच सगळं तपासून घ्या, बोर्ड दोन महिने पाकिटात ठेवून मग उघडणाऱ्यांपैकी मीही एक आहे आणि ते महागात पडतं.

झीरोवर पॉवरचा वेगळा दिवा नाही. एकच छोटा हिरवा, आणि तो कार्ड वाचलं जायला लागलं की लुकलुकतो. कार्ड नसेल किंवा खराब असेल तर बोर्ड ढिम्म, आणि माणसाला वाटतं मेला. तेव्हा हे करा: कार्ड काढा, बोर्डावर दोन मायक्रो यूएसबी आहेत त्यातल्या आतल्या, म्हणजे नुसतं यूएसबी लिहिलेल्या सॉकेटमध्ये केबल लावा आणि दुसरं टोक कॉम्प्युटरला. काही सेकंदांत डिव्हाइसच्या यादीत ब्रॉडकॉमचं बूट नावाचं एक डिव्हाइस दिसलं पाहिजे. दिसलं म्हणजे बोर्ड जिवंत आहे, दोष कार्डात. नाही दिसलं तर लगेच घाबरू नका, आधी केबल बदला, कारण फोन चार्जरबरोबर येणाऱ्या कित्येक केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. माझे एका रविवारचे साडेतीन तास अशाच एका पांढऱ्या केबलने खाल्ले, आणि सगळं करून झाल्यावर कळलं की मी केबल लावली होती कडेच्या, पॉवरवाल्या सॉकेटला. त्या सॉकेटला फक्त वीज, डेटा नाही. म्हणजे दोन चुका एकदम.

कार्डाची तपासणी तर टाळूच नका. मी एकदा ऑनलाइन एका विक्रेत्याकडून ६४ जीबीचं कार्ड घेतलं, इमेज लिहिली, छान चालू, आठवडाभराने फाइल गायब व्हायला लागल्या. मी बोर्डाला शिव्या घालत होतो. कार्ड आतून ८ जीबीचंच निघालं, फक्त स्वतःला ६४ सांगत होतं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ नावाचं फुकट टूल आहे, ते सगळं कार्ड भरून लिहितं आणि परत वाचून ताडून बघतं. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

मग वीज. मोठ्या पाय बोर्डांवर व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की स्क्रीनवर पिवळी वीज चमकते, आणि टर्मिनलमध्ये ‘गेट थ्रॉटल्ड’ (vcgencmd get_throttled ही कमांड) विचारलं की शून्य-एक्स-शून्य (0x0) यायला हवं, दुसरं काही आलं तर अ‍ॅडॉप्टर किंवा केबल बदला. पण झीरोच्या घराण्यात हे व्होल्टेज ओळखणारं सर्किटच नाही. तो बिचारा काही न बोलता अडखळतो, रीस्टार्ट होतो, कार्ड खराब करतो, आणि आपण सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसतो. त्यामुळे झीरोला जुना, कुठल्या तरी फोनचा चार्जर लावून बचत करू नका, आणि केबल आखूड आणि जाड घ्या, लांब बारीक केबलमध्येच व्होल्टेज गळतं.

शेवटी जोर लावून बघा. चारही कोअरला तासभर काम द्या, त्याच वेळी वायफायवरून एखादी मोठी फाइल ओढा, आणि तापमान बघत राहा. तासाभरात लटकला नाही तर पुढचे पंधरा दिवस तुमचं ते एक ओळीचं काम त्यावर अखंड चालू ठेवा.

आणि बोर्ड घेऊच नये असं कधी

पिना वापरायच्या नसतील आणि आकार लहानच हवा असं काही नसेल तर एकदा शांतपणे विचार करा. ऑफिसांमधून निघालेले जुने थिन क्लायंट (ऑफिसातले छोटे, कमी ताकदीचे कॉम्प्युटर) आणि मिनी पीसी सेकंडहँड मिळतात, सोबत अ‍ॅडॉप्टर, खरी डिस्क, डबा सगळं असतं, आणि सॉफ्टवेअरचा काही प्रश्नच नाही कारण प्रोसेसर नेहमीचा. ४ जीबीच्या पुढचा बोर्ड घ्यायला निघाला असाल तर वर केलेली बेरीज या डब्याच्या किमतीशेजारी ठेवा. वीज तो जास्त खातो हे खरं, म्हणून वर्षभर चोवीस तास चालवायचं असेल तर बिलाचा हिशोब पण करा, माझ्याकडे जाहिराती अडवायचं काम झीरो २ डब्ल्यूवरच आहे ते याचमुळे. पण फाइल सर्व्हर मात्र मी जुन्या मिनी पीसीवर नेला, आणि त्यासाठी जो बोर्ड घेतला होता तो त्या पाचांतला एक.

पंधरा दिवस झाले, बोर्ड नीट चाललाय, तर बंद करा, कार्ड काढा आणि त्याची पूर्ण इमेज लॅपटॉपवर कॉपी करून ठेवा. दुसरा बोर्ड मागवायचा झाला तर त्याच्यानंतरच.